आधी दाखल नोंदवही, मग रेकॉर्डर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाच्या तरुण चिटणीसांनी मला विचारलं आहे: गावातली ऐंशी ओलांडलेली माणसं गेल्या दोन वर्षांत भराभर गेली. जी उरली आहेत त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून वाचनालयात ठेवायच्या आहेत. मंडळानं १०,००० रुपये मंजूर केले आहेत. कोणता रेकॉर्डर घ्यावा, सुरुवात कुणापासून करावी, सीमालढ्याबद्दल कसं विचारावं, आणि नंतर त्या फायलींचं करायचं काय?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी तिन्हींची उत्तरं त्याच्यावरच ठरतात.

मी बेळगाव तालुक्यातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. सोळा-सतरा वर्षांपूर्वी या कामाला लागले तेव्हा उत्साहाच्या भरात बावीस मुलाखती घेतल्या. सगळ्या एकाच हार्ड डिस्कवर ठेवल्या आणि ती डिस्क माझ्या घरच्या कपाटात. एका पावसाळ्यात ती बंद पडली. दुरुस्तीला दोनदा दिली, हाती काही लागलं नाही. तोवर त्या बावीसांतली चौदा माणसं गेलेली होती. त्यांतल्या खासबागच्या एका विणकर आज्जांनी दोन तास बसून लुगड्याच्या काठाची नक्षी धागे मोजून कशी धरायची ते सांगितलं होतं. मधेमधे हातानं फणी ठोकल्याचा आवाज काढून दाखवत होते. पुढं त्यांची नात ते ध्वनिमुद्रण मागायला आली. तिच्या लग्नात आज्जांचा आवाज चार माणसांना ऐकवायचा होता. तिला काय सांगितलं ते मला आजही आठवतं आणि आजही जड जातं.

म्हणून सांगते, रेकॉर्डर घेण्याआधी मंडळाची एक बैठक लावा आणि ठराव करून घ्या. ठरावात चारच गोष्टी हव्यात. ध्वनिमुद्रणं वाचनालयाची, चिटणीसाची किंवा मुलाखत घेणाऱ्याची नव्हेत. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला पुस्तकासारखा दाखलअंक मिळेल. ती कुठं-कुठं ठेवली जातील आणि वर्षातून एकदा कोण तपासेल त्या पदाचं नाव, माणसाचं नव्हे. आणि सांगणाऱ्यानं परत मागितलं तर काय करायचं. हा ठराव इतिवृत्तात गेला की मंडळ बदललं, तुम्ही नोकरीसाठी पुण्याला गेलात, तरी काम उघड्यावर पडत नाही. माणूस जातो, फोन बिघडतो, पण गावातलं वाचनालय तिथंच असतं. त्याच्याकडून हवी आहे ती मुख्यतः हीच मदत. टेबल, कपाट, वीज, चहा या त्यानंतरच्या गोष्टी.

दाखल नोंदवहीचं महत्त्व मी मुद्दाम सांगते. आपल्याकडची वाचनालयं जुनी आहेत. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. एवढी वर्षं संस्था टिकतात त्या भाषणांवर नव्हे, तर वर्गणीच्या पावत्या, दाखलअंक, इतिवृत्तं असली रोजची लिखापढी कुणीतरी निष्ठेनं करत राहतं म्हणून. ध्वनिमुद्रणाची नोंद त्याच शिस्तीत करा: अंक, तारीख, कुणाचं, कुणी घेतलं, कुठं घेतलं, किती मिनिटं, भाषा कोणती, आणि ऐकण्याची परवानगी कोणत्या प्रकारची. ही एक ओळ लिहिली नाही तर पाच वर्षांनी तुमच्याकडे नुसते आवाज उरतील, कुणाचे ते सांगता येणार नाही. मी असे तीन आवाज अजून सांभाळून आहे. एक बाई जात्यावरची ओवी म्हणते आहे, मागं कोंबडा आरवतो आहे. गाव कोणतं, बाई कोण, काही कळत नाही.

तुमचं वाचनालय सभासदांच्या वर्गणीवर चालणारं आहे असं धरून मी हे लिहिते आहे. गावात ग्रामपंचायतीचंही ग्रंथालय असेल. कर्नाटकात २०१९ साली ही ग्रंथालयं ग्रंथालय खात्याकडून ग्रामविकास आणि पंचायत राज खात्याकडे गेली, आता त्यांना ‘अरिवु केंद्र’ म्हणतात. अनेक ठिकाणी संगणक, इंटरनेट आले आहेत. पंचायत विकास अधिकाऱ्यांना भेटून तिथला संगणक आठवड्यातून दोन तास वापरायला मिळतो का ते विचारा, आणि मागणी कन्नडमधून लेखी द्या. तुमच्या वाचनालयावर घरातल्या माणसांचा विश्वास आहे, त्यांच्याकडे यंत्रसामग्री आहे. दोन्हींचा मेळ बसला तर बरंच सोपं होईल. मात्र मूळ प्रती आणि परवानगीचे कागद तुमच्याच कपाटात राहू द्या.

आता रेकॉर्डर. नवा घेऊ नका. सभासदांपैकी कुणाचा तरी बऱ्यापैकी फोन वापरा, त्याला कॉलरला लावायचा तारेचा माइक जोडा. साधा चालतो. उरलेल्या पैशात दोन पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. ध्वनिमुद्रण वेव्ह (WAV) या न आवळलेल्या स्वरूपात करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका माइकचं मोनो मुद्रण तासाला साधारण अर्धा जीबी जागा घेतं. म्हणजे पन्नास तास केले तरी पंचवीस-तीस जीबी. आजच्या काळात ही जागा काहीच नाही, त्यामुळे सुरुवातीलाच एमपी३ करून आवाज आवळू नका. तीन प्रती ठेवा: एक वाचनालयात, एक दुसऱ्या गावच्या वाचनालयात बंद पाकिटात, एक ऑनलाइन साठवणीत. फाइलच्या नावात फक्त आकडे घाला, वर्ष, दाखलअंक, भाग. नावं, गावं, विषय नोंदवहीत. दर वर्षी पाडव्याला दोन्ही डिस्क लावून चार-पाच फायली उघडून बघायच्या, हा नियम आमच्याकडे आहे. दिवस सणाचा धरला की विसरत नाही.

फोन विमान मोडवर टाका. पंखा बंद, मिक्सर बंद, कुकर उतरवून ठेवा. माइक तोंडापासून एक वीत खाली. आपल्याकडची घरं कौलारू. जून ते सप्टेंबर खानापूर-जांबोटीच्या पावसात कौलांचा आवाज माणसाच्या आवाजावर चढतो, त्यामुळे पावसाळ्यात फक्त भेटीगाठी करा. सुगीत कुणाला वेळ नसतो. संक्रांतीपासून मृगापर्यंतचे दिवस खरे कामाचे. खोली घुमत असेल तर दोन वाकळा भिंतीला टांगा, एक सांगणाऱ्याच्या पाठीमागं. याहून चांगली सोय मी अजून पाहिली नाही.

पहिल्या भेटीला मात्र यातलं काहीही नेऊ नका. बसा, पाणी प्या, ओळख सांगा, कुणाचे कोण ते जुळू द्या. आपल्याकडे ही ओळख लागल्याशिवाय माणूस बोलत नाही आणि लागली की थांबत नाही.

कुणापासून सुरुवात करायची? तुमच्या मंडळानं काढलेली यादी मी न बघता सांगू शकते: माजी अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, लढ्यात तुरुंगात गेलेले दोघंतिघं, देवस्थानचे पंच. ही माणसं घ्याच. पण त्यांच्या आठवणींचा काही भाग कुठल्या ना कुठल्या स्मरणिकेत, सत्काराच्या बातमीत छापून आलेला असतो. ज्यांचं काहीच कागदावर नाही त्यांना आधी घ्या, वय आणि तब्येत बघून. यादी पदांवरून करू नका, कामांवरून करा. खानापूरला कौलांच्या आणि विटांच्या भट्ट्या होत्या. माती मळणारे, भट्टी लावणारे, बैलगाडीनं माल वाहणारे कोण? लोंढ्याला रेल्वेत गँगमध्ये, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या टोळीत, काम केलेलं कुणी आहे का? जंगलातल्या वाड्यांवरचे गवळी, त्यांच्या बायका दूध-लोणी घेऊन कोणत्या वाटेनं उतरायच्या? सुईण कोण होती? फौजेत गेलेल्या पेन्शनरांना आपण विचारतो, आणि ते विचारायलाच हवं. मराठा रेजिमेंटचं केंद्र बेळगावात आहे आणि आपल्या गावागावांतून भरती झालेली आहे. पण त्यांची पत्रं येईपर्यंत घर ज्यांनी चालवलं त्या बायकांना कुणी विचारलेलं नसतं. निपाणीकडे असता तर म्हणाले असते, तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळायला बसणाऱ्या बायकांपासून सुरू करा. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडलं, ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. त्या आंदोलनाचा तपशील छापील मिळतो. त्या दिवसांत वखारीतली मजुरी बुडाल्यावर चूल कशी पेटली, ते फक्त त्या बायकांना माहीत आहे.

वाचनालयातच एक खजिना पडलेला असतो, जुनं सभासद रजिस्टर. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी पुस्तकं कुणी नेली त्यांची नावं त्यात आहेत. त्या नावांच्या मागं लागा. वाचणारा माणूस बहुधा लक्षात ठेवणाराही असतो.

आणि पहिल्या तीन महिन्यांत पाचच माणसं. पन्नासांची यादी लावून धावलात तर शंभर तासांचं ध्वनिमुद्रण होईल आणि एकाही तासाची नोंद होणार नाही.

सीमालढा सोडून एरवी विचारायचं कसं, हा तुम्ही न विचारलेला पण सगळ्यांत मोठा प्रश्न. “तुमचं बालपण कसं गेलं?” असं विचारलं की एकच उत्तर येतं, “काय सांगू ओ, कष्टातच गेलं की सगळं.” ते खोटं नसतं. पण त्याच्यापुढं रस्ता बंद होतो. त्याऐवजी विचारा, पहाटे घरात पहिलं कोण उठायचं? उठून काय करायचं? पाणी कुठनं आणायचं, विहिरीवर पाळी कशी लागायची, कुणाला तिथं येऊ द्यायचे नाहीत? शेवटचा तुकडा सहज विचारल्यासारखा विचारायचा आणि मग गप्प बसायचं. विहीर, देऊळ, पंगत या तीन जागांवरून गावातली जात आपसूक बोलू लागते. तिच्याबद्दल थेट विचारलं तर “आमच्या गावात तसं काही नव्हतं” हे ठरलेलं उत्तर मिळतं. मात्र विहिरीवर ज्यांना येऊ देत नसत त्या घरांतही मुलाखती घ्यायच्या आहेत, आणि लवकर, यादीच्या शेवटी ठेवून नव्हे.

हातात वस्तू द्या. आज बेळगाव शहरात असलेल्या शहापूर-वडगावकडच्या एका आज्जी तासभर “आता काय आठवत नाही” एवढंच म्हणत होत्या. घरात माळ्यावर मागावर आडवा धागा फेकायचा जुना धोटा होता, नातवानं तो खाली आणला. त्यांनी तो उजव्या हातातून डाव्या हातात दोनदा फेकला आणि मग खड्ड्याच्या मागावर बसल्यावर पाय कसे थंड पडायचे, कांड्या भरायला शाळेतून कसं उठवून आणलं, व्यापारी माल परत कसा करायचा, सगळं सलग सांगितलं. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं. “बेळगावला जाणं म्हणजे इंग्रजात जाणं” असं त्यांचे वडील म्हणत, हे त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा एका शहराच्या पोटातून गेलेली जुनी हद्द मला पहिल्यांदा नीट कळली. तुमच्याकडे धोटा नसेल, पण मापाची पायली असेल, फौजेचं डिस्चार्ज बुक असेल, लग्नातला फोटो असेल. जुनं जातं असेल तर आज्जींना त्याच्यापाशी बसवा. खुंटा हातात आला की ओव्या येतात, नुसत्या “म्हणा की एखादी” म्हटल्यावर येत नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवून घेतल्या. आपल्या भागात तसं काम व्हायला अजून बराच वाव आहे आणि ओव्या म्हणणाऱ्या बायका दर वर्षी कमी होत आहेत.

सालं विचारू नका. आपल्या माणसांना साल आठवत नाही, आठवल्यासारखं केलं तर चुकीचं सांगतात आणि मग आपली चूक झाली म्हणून ओशाळतात. खुणा विचारा. तेव्हा आणे-पै चालायचे की नवे पैसे आले होते? नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले, त्यावरून अलीकडचं-पलीकडचं ठरतं. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होतं का? म्हणजे डिसेंबर १९६१ च्या आधी. बहात्तरचा दुष्काळ, कोयनेचा भूकंप, मीटरगेज गाडी. आणि आपल्या भागातली सर्वांत भरवशाची खूण म्हणजे लक्ष्मीची जत्रा. आपल्या गावांत ती दर वर्षी नसते. बारा, पंधरा, कुठं कुठं वीस-पंचवीस वर्षांनी येते आणि माहेरवाशिणींपासून पाव्हण्यांपर्यंत सगळं गाव गोळा होतं. “थोरल्याचा जन्म जत्रेच्या आधीचा की नंतरचा?” याचं उत्तर कुणीही चुकत नाही. तुमच्या गावच्या जत्रांची सालं पंचांकडून आधी लिहून घ्या, ती तुमची पंचांगं.

आता सीमालढा. तुम्ही हा प्रश्न थोडं बिचकतच विचारला आहे हे कळतं.

हा विषय आपल्या प्रत्येक घरात आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं, चंदगड तालुका मात्र तोवर आपल्याच जिल्ह्यात असून मुंबई राज्याकडे राहिला. तेव्हापासून १ नोव्हेंबरला काळा दिन, १७ जानेवारीला आणि १ जूनला हुतात्म्यांना अभिवादन, आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातला दावा. माझ्या माहेरचंही या लढ्यात गेलेलं आहे, त्यामुळे मी तटस्थतेचा आव आणत नाही. पण ध्वनिमुद्रण करताना एक अडचण येते. याच्यावर आपल्याकडच्या माणसांचं एक भाषण तयार असतं. सभांमधून ऐकून, सांगून ते घोटून गुळगुळीत झालेलं असतं. तुम्ही “सीमाप्रश्नाबद्दल सांगा” म्हणालात की ते भाषण सुरू होतं आणि पस्तीस मिनिटांनी संपतं. त्यात तो माणूस स्वतः कुठंच नसतो.

ते भाषण तोडू नका, होऊ द्या. तो त्याचा अधिकार आहे. झाल्यावर दिवस विचारा. त्या दिवशी तुम्ही कुठं होता? कुणी येऊन सांगितलं? अंगावर काय कपडे होते? आई काय म्हणाली? दुसऱ्या दिवशी दूध आलं का? १९५६ साली दहा वर्षांचं असलेलं माणूस आज ऐंशीच्या घरात आहे. त्याला राज्य पुनर्रचनेचा अहवाल माहीत नव्हता, पण दप्तर टाकून पळाल्याचं माहीत आहे. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात विशीत असलेली माणसं आज साठीत आहेत. त्यांचं घ्यायला अजून वेळ आहे, पण फार नाही. आणि त्या वेळी अटक टाळण्यासाठी पोरांना चंदगड-गडहिंग्लजकडच्या मावशीकडे पाठवलं असेल तर त्या मावशीकडेही जा. आपल्या लेकी तिकडं आहेत, त्यांच्या लेकी इकडं. मुलाखतीची यादी हद्दीपाशी थांबवू नका.

कन्नड शेजाऱ्यांचं घ्यायचं का, यावर तुमच्या मंडळात वाद होईल. आमच्याकडे झाला, दोन बैठका त्यावरच गेल्या. माझं मत स्पष्ट आहे, घ्यायचं, त्यांच्या भाषेत घ्यायचं आणि नोंद दोन्ही लिप्यांत करायची. ज्या विहिरीवर, ज्या जत्रेत, ज्या गिरणीत दोघं होते तिची अर्धी आठवण घेऊन काय करायचं? तुमच्याच तालुक्यातलं नंदगड घ्या. इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना २६ जानेवारी १८३१ ला तिथं फाशी दिलं. तिथल्या वडाला नवसाचे पाळणे बांधतात. बांधणाऱ्यांत मराठी बोलणारी घरं आहेत, कन्नड बोलणारीही आहेत. त्या वडाची गोष्ट दोन्ही घरांत विचारून बघा. काय सारखं येतं आणि कुठं वाट फुटते ते ऐकण्यासारखं असतं. कन्नड चांगलं येणारी मुलगी किंवा मुलगा तुमच्याच गावच्या शाळेतून मिळेल.

माणसं चुकीचं सांगतात तेव्हा काय करायचं? ध्वनिमुद्रणात दुरुस्ती करायची नाही. इटलीतले संशोधक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी या गावातली एक गोष्ट अभ्यासली. लुइजी त्रास्तुल्ली नावाचा पोलाद कामगार १९४९ साली नाटोविरोधी मोर्चात पोलिसांच्या गोळीनं मेला. पण गावातल्या पुष्कळ कामगारांच्या आठवणीत तो १९५३ साली, कामगारकपातीविरुद्धच्या दंगलीत मेलेला होता. पोर्तेल्लींनी त्यांना चुकीचं ठरवून सोडून दिलं नाही. आठवण चार वर्षं सरकली का, हे विचारलं, आणि त्या गावाला कपातीची जखम जास्त खोल झाली होती हे त्यातून दिसलं. आपल्याकडेही १९५६ ची हकिगत सांगताना १९८६ मधली लाठी त्यात येते. सांगू द्या. तुम्ही टाचणात, म्हणजे मुलाखतीसोबतच्या थोडक्यात नोंदीत, लिहा, “हा प्रसंग बहुधा १९८६ चा.” एवढं पुरे.

परवानगीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथं चुकलात तर गाव तुमच्याशी बोलायचं बंद होईल. कागदावर अंगठा घेतला म्हणजे परवानगी झाली असं नाही. आम्ही ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोनदा तोंडी विचारतो. शब्द साधारण असे: “आज्जी, हे तुमचं बोलणं आमच्या वाचनालयात राहणार. तुम्ही नसताना, आम्ही नसताना पण लोक ऐकतील. कुणीही ऐकलं तर चालेल, की वाचनालयात येऊन बसणाऱ्यांनीच ऐकायचं, की इतकी वर्षं कुणीच ऐकायचं नाही? यातलं काही नको झालं तर सांगा, आम्ही काढून देऊ.” शेवटी पुन्हा विचारण्याचं कारण असं की सुरुवातीला माणसाला आपण काय काय बोलणार आहोत ते माहीत नसतं. दोन तासांनी माहीत असतं.

तिसरा प्रकार, ठरावीक वर्षं बंद ठेवण्याचा, तो नीट वापरा. आपल्या जिल्ह्यात देवीला सोडलेल्या बायका आहेत. कर्नाटकात देवदासी अर्पणाला बंदी घालणारा कायदा १९८२ चा, पण ज्यांचं आयुष्य त्याआधीच ठरून गेलं होतं त्या अजून आपल्यात आहेत. त्यांतल्या एका मावशींनी माझ्याशी चार तास बोलणं केलं. आठ दिवसांनी त्यांचा मुलगा आला. त्याच्या मुलीची सोयरीक चालली होती. त्यानं मागितलं आणि मावशींनीही फोनवर होकार दिला, तेव्हा मी त्याच्यासमोर तिन्ही प्रती पुसल्या. चार तासांचं फार मोलाचं बोलणं होतं ते. तरी पुन्हा वेळ आली तर तेच करीन. पण आता मी आधीच सुचवते, “तीस वर्षं बंद ठेवूया का?” त्यामुळे बरीचशी बोलणी वाचतात. जमिनीचे वाद, कोर्टात असलेली प्रकरणं, भावकीतली मारामारी, दुसऱ्या कुणाच्या सुनेची गोष्ट, हेही असंच. सांगणाऱ्यानं परवानगी दिली तरी ज्याच्याबद्दल सांगितलं त्यानं दिलेली नसते. आणि कुठलंही ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपच्या गटात टाकायचं नाही, दोन मिनिटांचंसुद्धा. एकदा बाहेर गेलेला आवाज परत आणता येत नाही.

मग लिहून काढणं. एक तासाचं बोलणं शब्दशः उतरवायला मला सात-आठ तास लागतात, बोली जाड असेल तर दहा. तुमच्याकडे एवढी माणसं नसतील. म्हणून आधी टाचण करा: दर पाच मिनिटांना एक ओळ, “१५ ते २० मिनिटं: भाताची रोप लागण, पैरा, मुकादमाशी भांडण.” वर्षभर एवढंच केलं तरी ध्वनिमुद्रण वापरता येतं. शब्दशः उतरवणं निवडक मुलाखतींचं आणि सावकाश.

उतरवताना बोली सुधारू नका. याबद्दल मी कुणाशीही भांडायला तयार असते. आपल्याकडच्या बायका “मी गेलो, मी येतो” म्हणतात. ते “गेले, येते” करू नका. “मी सांगितलो, मी भाकरी केलो” हे आपल्या कानाला घरचं आहे, शेजारी कन्नड नांदत असल्याची ती खूण आहे. शाळेत मार खाऊन आपण ते लपवायला शिकलो. वाचनालयात तरी ते मोकळं राहू दे. बोलणं आपोआप लिहून देणारी सॉफ्टवेअरं आता आहेत. खुल्या परवानगीच्या मुलाखतीचा कच्चा खर्डा करायला ती वापरा, पण ती आज्जींना पुण्याच्या करून टाकतात. प्रत्येक ओळ कानानं तपासावी लागते. बंद ठेवलेली मुलाखत तर त्यांत घालायचीच नाही.

परतफेड म्हणून पैसे देऊ नका, त्यानं बोलण्याचा पोत बदलतो. जाताना नारळ किंवा फळं न्या. महिन्याभरानं पेन ड्राइव्हवर त्यांचा आवाज आणि छापलेलं टाचण घरी नेऊन द्या, घरच्यांसमोर वाचून दाखवा. तिथं निम्म्या दुरुस्त्या होतात आणि पुढच्या दोन घरांची नावं मिळतात. वर्षातून एकदा वाचनालयात ऐकण्याची संध्याकाळ ठेवा. कडोली, उचगाव, येळ्ळूरसारखी गावं दर वर्षी साहित्य संमेलनं भरवतात. तुमच्या पंचक्रोशीतल्या संमेलनात दहा मिनिटं मागून घ्या आणि भाषण न करता एक आवाज ऐकवा. आमच्याकडे पहिल्यांदा ऐकवला तो पाणक्याचं काम केलेल्या एका मामांचा. ते स्वतः मागच्या रांगेत बसले होते. सभागृहात त्यांचा आवाज भरून राहिला, तेव्हा पुढच्या खुर्च्यांवरची माणसं मान वळवून त्यांना शोधत होती. कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “अजून एक सांगायचं राहिलंय ओ बाई, उद्या येता काय?”

ठराव मंजूर झाला की मला कळवा. पहिली मुलाखत झाल्यावर फोन, नोंदवही आणि कोरे कागद घेऊन एका रविवारी या, सकाळच्या गाडीनं. पहिलं टाचण आपण दोघं बसून करू.